ओकमाँटची झाडं: कुणी लावली, कुणी तोडली, कुणाला विचारून?

काम पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू व्हायचं. गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात ठरलेली झाडं आडवी करायची, ओंडके उचलायचे, बुंधा जमिनीच्या खालपर्यंत खरवडून काढायचा, भुसा झाडून घ्यायचा आणि वर तयार हिरवळीचे पट्टे अंथरायचे. उजाडल्यावर पहिला सभासद खेळायला येईल तेव्हा इथे काल काही उभं होतं याची खूणही दिसता कामा नये. हे एकदा-दोनदा नाही, बराच काळ चाललं. शेवटी एका कॅडीच्या (खेळाडूंचं साहित्य वाहणाऱ्या मदतनिसाच्या) लक्षात आलं, की अमुक ठिकाणी झाडं होती ती आता नाहीत. तो एका सभासदाजवळ बोलला आणि अमेरिकेतल्या एका अतिशय प्रतिष्ठित खासगी क्लबात भांडण पेटलं.

हा क्लब म्हणजे पेनसिल्व्हेनियातला, पिट्सबर्गजवळचा ओकमाँट कंट्री क्लब. गोष्ट १९९०च्या दशकातली. गोल्फच्या जगात ती आता दंतकथेसारखी सांगतात, आणि सांगणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो: झाडं गेली, मैदान मोकळं झालं, सगळे वाखाणू लागले. मला ती तशी सांगायची नाही. निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. तो घेण्याची रीत चुकीची होती, हेही माझंच मत. अडचण एवढीच की रीत बरोबर असती तर तो निर्णय झालाच असता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. या प्रकरणात अभ्यासण्यासारखं आहे ते इथेच.

अंधारात झाडं तोडली म्हटल्यावर मुंबईकराला आरे आठवणारच. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवलं तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. दोन्ही प्रकरणं एका मापाने मोजता येत नाहीत. आरेची जागा सरकारी, हिरवा पट्टा शहराच्या वाट्याचा. ओकमाँटची जमीन खासगी, आणि तिथली हजारो झाडं क्लबनेच तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हौसेने लावलेली. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. चर्चा नकोशी असली की माणूस घड्याळाकडे बघतो. उजाडायच्या आत उरकून टाकू, मग ज्याला जे बोलायचं ते बोलू दे.

कुरण, चिकणमाती आणि फोन्स बापलेक

क्लबची स्थापना १९०३ची. संस्थापक हेन्री फोन्स पोलादाच्या धंद्यातला बडा माणूस. (आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून आपण ‘फाउन्स’ म्हणू, पण उच्चार ‘फोन्स’.) गोल्फ कोर्स आखण्याचं कुठलंही शिक्षण त्याच्याकडे नव्हतं आणि ओकमाँटनंतर त्याने दुसरा कोर्स आखलाही नाही. अलेघेनी नदीच्या वरच्या अंगाला, पठारासारख्या उंच जागेवर त्याने शेतजमीन घेतली, दीडशेच्या आसपास मजूर आणि खेचरांच्या दोन डझन जोड्या लावल्या आणि १९०४मध्ये खेळ सुरूही झाला.

त्याच्या डोळ्यांसमोर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे लिंक्स होते. उघडी, वाऱ्याला सामोरी जमीन, आडोसा नाही, झाड नाही. समुद्र शेकडो मैल दूर असताना त्याने पेनसिल्व्हेनियाच्या टेकडीवर तेच आणायचं ठरवलं. जमीन मात्र साथ देईना. खाली चिकणमाती, पाणी मुरत नाही. वाळूचे बंकर खोल खणले तर तळी व्हायची. मग त्याने दोन उपाय केले. पाणी वाहून न्यायला चर खणले आणि ते चरच खेळाडूला अडवतील असे ठेवले. बंकर उथळच ठेवले, पण नदीच्या जाड वाळूत रुंद दातांच्या जड दंताळ्याने खोल सऱ्या ओढायच्या. नांगरलेल्या शेतासारख्या त्या सऱ्यांमध्ये चेंडू जाऊन बसला की बाहेर कसा काढायचा ते ज्याचं त्याने बघावं. मैदान सांभाळणारा एमिल लेफ्लर या सगळ्यात फोन्सचा उजवा हात. सऱ्यांची ही पद्धत १९६०च्या दशकात बंद झाली.

मुलगा विल्यम बापाच्या वरताण. १९१०ची अमेरिकन हौशी स्पर्धा त्याने जिंकली, पुढे देशाच्या गोल्फ संघटनेचा, म्हणजे यूएसजीएचा, तो अध्यक्षही झाला. वाईट मारलेला फटका हा कायमचा हातचा गेलेला फटका असला पाहिजे, हे त्याचं सूत्र. तो मैदानावर खेळणाऱ्यांना न्याहाळत बसायचा, आणि कुणाचा चुकलेला फटका शिक्षेवाचून सुटलेला दिसला की तिथे नवा बंकर खणला जायचा, असं सांगतात. एका काळी बंकरांची संख्या साडेतीनशेच्या आसपास गेली होती. दयामाया हा विषयच नव्हता.

ग्रीन्सची, म्हणजे झेंड्याच्या खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळींची, गोष्ट वेगळीच. तिथलं गवत पोआ अ‍ॅन्युआ जातीचं. बाकी क्लब ते तण म्हणून उपटत, ओकमाँटने तेच पिढ्यान्‌पिढ्या जोपासलं आणि इतकं बारीक कापलं, दाबलं की चेंडू काचेवरून जावा तसा घरंगळतो. १९३५च्या यूएस ओपनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या खुल्या गोल्फ स्पर्धेत, जीन सारझेनसारख्या खेळाडूचा पट (चेंडू घरंगळत नेणारा हलका फटका) ग्रीनवरून सुटून थेट बंकरमध्ये गेला. हे बघणाऱ्यांत एडवर्ड स्टिम्पसन नावाचा हौशी गोल्फर होता. ग्रीन खरोखरच अवाजवी वेगवान आहे का, हे मोजता आलं पाहिजे असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्यातून उतरत्या खाचेच्या पट्टीचं साधं उपकरण जन्माला आलं. जगभरातले क्लब आज ग्रीनचा वेग मोजतात तो स्टिम्पमीटर तोच. पोआचं हे पुराण लांबवण्याचं कारण, पुढच्या भांडणात या गवताची साक्ष महत्त्वाची ठरली.

थोरला फोन्स १९३५मध्ये वारला, धाकटा १९५०मध्ये. तोवरच्या फोटोंमध्ये ओकमाँट बोडकं दिसतं. मधून रेल्वेचा खोलगट मार्ग जातो, पुढे त्याच्या शेजारून पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा मोठा रस्ता गेला, पलीकडे मैदानाच्या अठरा होल्सपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, काही, अलीकडे उरलेली, आणि चहूकडे गवत.

झाडं कशी आली

कुरूप म्हटलं म्हणून, असं क्लबचे लोक सांगतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका नावाजलेल्या गोल्फ लेखकाने ओकमाँटला कुरूप, रासवट म्हटलं. लिहिणाऱ्याने बहुधा कौतुकानेच लिहिलं असावं, पण क्लबच्या एका वजनदार कारभाऱ्याला ते झोंबलं. मग सुशोभन सुरू झालं. पिन ओक, क्रॅबअ‍ॅपल, फुलणारी चेरी, निळसर स्प्रूस. काही वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास झाडं लागली.

एका माणसाच्या हट्टावर सगळं ढकलणं मात्र बरोबर नाही. तो काळच तसा होता. ऑगस्टा क्लबवरची मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा रंगीत दूरचित्रवाणीवर दिसू लागली आणि प्रत्येक क्लबच्या सभासदाला आपल्याकडेही फुलं हवीशी वाटू लागली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी महामार्ग सुशोभनाची मोहीम हाती घेतली होती, १९६५मध्ये तसा कायदाही झाला. झाड लावणं हे देशकार्य होतं. अशा वेळी “आमच्या मैदानाची रचनाच उघडेपणावर उभी आहे” असं म्हणणारा सभासद वेडगळ ठरला असता.

झाडांच्या बाबतीत एक विषमता असते, ती कुठल्याही सोसायटीच्या सभासदाला ठाऊक आहे. रोप लावायला कुणी ठराव मांडत नाही. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या स्मरणार्थ, वनमहोत्सवात ते लागतं, फोटो निघतो, टाळ्या वाजतात. पंधरा वर्षांनी त्याच्या मुळांनी टाकीला तडा जातो, तेव्हा ते तोडायचं की नाही यावर तीन वार्षिक सभा होतात आणि चौथीला गणसंख्या भरत नाही. लावताना कुणी विचारलेलं नसतं, तोडताना मात्र विचारावं लागतं. माझी तक्रार नाही, झाडाच्या बाबतीत हे असंच असावं. पण त्यामुळे होतं काय, की रचनेत झालेला मोठा बदल कुणीही न ठरवता होऊन जातो आणि तो मागे घ्यायची वेळ आली की मागे घेणारा खुनी ठरतो.

१९९०च्या सुमारास ओकमाँटची प्रत्येक फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणारी कापलेल्या गवताची पट्टी, झाडांच्या दोन भिंतींमधली गल्ली झाली होती. १९७३मध्ये जॉनी मिलरने यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ६३ फटक्यांची फेरी खेळून इतिहास केला, १९८३मध्ये लॅरी नेल्सन जिंकला, १९९४मध्ये एर्नी एल्स. मैदान उत्तमच मानलं जात होतं. १९८७मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जाही मिळाला. म्हणजे इतिहास म्हणून जे जपायचं ठरलं, त्यात फोन्सने कधीच न बघितलेली हजारो झाडं उभी होती.

करवतीची बाजू

मैदान समितीतल्या मोजक्या माणसांना हे खुपत होतं. त्यांची कारणं दोन प्रकारची.

पहिलं कारण मातीतलं. ग्रीनला सकाळचं ऊन लागतं. पूर्वेला झाड असेल तर दव उशिरा उडतं, ओल टिकते, बुरशी येते. झाडांच्या भिंतीमुळे वारा अडतो आणि पोआसारखं नाजूक गवत दमट, कोंदट हवेत तग धरत नाही. मुळं पाणी आणि खत ओढून घेतात ते निराळंच. चिकणमातीत पाणी आधीच साचून राहतं, तिथे सावलीची भर. अतिवेगवान, टणक ग्रीन्स ही ज्या क्लबची ओळख, तिथे सावली ही नुसती सौंदर्याची बाब राहत नाही. हा मुद्दा कोणत्याही सभेत टिकला असता. मैदान सांभाळणारा माणूस एकेका ग्रीनवर उभा राहून सकाळी आठला कुठे ऊन पोचतं ते बोटाने दाखवू शकतो.

दुसरं कारण रचनेचं, आणि ते पटवणं अवघड. फोन्सच्या मैदानात शिक्षा जमिनीवर होती: बंकर, चर, उतार, रफ म्हणजे कडेचं वाढलेलं गवत. तुमचा चेंडू चुकला तरी पुढचा फटका कसा मारायचा हा विचार करायला तुम्ही मोकळे. झाडं आली की तो विचार संपतो. चेंडू खोडामागे गेला तर आडवा बाहेर काढायचा, बस्स. वारा हा फोन्सचा बिनपगारी बंकर, तोही झाडांनी अडवला. शिवाय नजर. उघड्या मैदानावर दूरचा झेंडा दिसतो, अंतर फसवं वाटतं, आजूबाजूला कुणीतरी दुसऱ्याच होलवर घाम गाळताना दिसतो. झाडांनी प्रत्येक होलची स्वतंत्र खोली करून टाकली.

हे सगळं आधी सभेत मांडायला हवं होतं. ते मांडलं गेलं नाही. पहाटेचा मार्ग निवडला गेला.

का, ते समजायला ऑगस्टाचा एक किस्सा पुरे. तिथल्या सतराव्या होलवर एक लॉबलोली पाइन होता. क्लबचा सभासद असलेल्या आयझेनहॉवरचा चेंडू वारंवार त्याच्यावर आपटायचा. १९५६मध्ये, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असताना, त्याने क्लबच्या सभेत ते झाड तोडावं अशी सूचना मांडली. अध्यक्षपदी क्लिफर्ड रॉबर्ट्स होता. त्याने सूचना नियमबाह्य ठरवली आणि सभाच संपवून टाकली. ते झाड पुढे ‘आयझेनहॉवर ट्री’ म्हणूनच प्रसिद्ध झालं आणि २०१४च्या फेब्रुवारीत हिमवादळात मोडेपर्यंत उभं राहिलं. देशाच्या राष्ट्राध्यक्षाला एक झाड सभेतून पाडता आलं नाही, तर ओकमाँटच्या समितीने हजारो झाडांचा ठराव कोणत्या तोंडाने आणावा?

गोल्फमध्ये झाड रात्रीत उगवूही शकतं, हे जाता जाता. १९७९ची यूएस ओपन ओहायोतल्या इन्व्हरनेस क्लबवर होती. पहिल्या दिवशी लॉन हिंकलने आठव्या होलवर झाडांमधली फट बघून शेजारच्या सतराव्याच्या फेअरवेवर चेंडू मारला आणि अंतर वाचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फटीत एक मोठं स्प्रूस उभं होतं. यूएसजीएने रातोरात लावलेलं. त्या वेळी लोक हसले. कुणी कोर्टाची भाषा केल्याचं ऐकिवात नाही.

विरोधकांना हसू नका

ओकमाँटमध्ये मात्र कोर्टाची भाषा झाली. बातमी फुटल्यावर क्लब उभा दुभंगला. ज्यांनी विरोध केला त्यांची आज टिंगल होते, की बघा, या लोकांना काही कळत नव्हतं. मला ती टिंगल आवडत नाही. त्यांचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात तीन गोष्टी सापडतात, आणि तिन्ही भक्कम आहेत.

एक, ते ज्या क्लबात आले तो झाडांचा क्लब होता. १९७०-७५मध्ये सभासद झालेल्याने फोन्सचं कुरण कधी बघितलंच नव्हतं. त्याच्या आयुष्यातलं ओकमाँट म्हणजे शरदात लाल होणारे ओक आणि उन्हाळ्यात सावली. त्याने वर्गणी भरली ती यासाठी. ‘मूळ रूप’ या नावाखाली त्याच्या डोळ्यांदेखत, खरं तर डोळ्यांआड, त्याची जागा काढून घेतली जात होती. उघडं मैदान पन्नास-साठ वर्षं होतं, झाडीचं तीस-पस्तीस. दुसरा काळ खोटा आणि पहिला खरा, हे कुणी ठरवलं?

दोन, झाड म्हणजे नुसता अडथळा नसतो. त्यात पाखरं असतात, गारवा असतो, हवा असते. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर पहाटे गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आजूबाजूला इमारती उठल्या तशी तिथल्या झाडांची किंमत वाढत गेली. मुंबईत चेंबूरच्या गोल्फ कोर्सवर किंवा ताडदेवला विलिंग्डन क्लबवर कुणी उद्या ओकमाँटचा दाखला देऊन करवत काढली, तर मी विरोधकांच्या रांगेत पहिला उभा राहीन. महाराष्ट्रात १९७५पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पिट्सबर्गच्या परिसरातल्या टेकड्या गर्द झाडीने भरलेल्या आहेत, म्हणून तिथे एक उघडं पठार परवडतं. तोच हिशेब चेंबूरला चालत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत वजनदार, आणि तिचा गोल्फशी काही संबंध नाही. समितीला मैदानाची देखभाल करण्याचा अधिकार असतो. वाळलेली फांदी छाटणं ही देखभाल. रोगट झाड काढणं हीसुद्धा. पण रोज थोडी थोडी करत सगळीच काढली, तर ती देखभाल उरत नाही, मैदानाचा आराखडाच बदलतो, आणि आराखडा बदलण्याचा अधिकार सभासदांचा. एकेका दिवसाचं काम बघितलं तर समिती आपल्या अधिकारात होती. बेरीज केली तर नव्हती. ज्याने ज्याने सोसायटीच्या कारभाऱ्यांना ‘किरकोळ दुरुस्ती’च्या खात्यातून लॉबी बदलताना पाहिलं आहे, त्याला हा डाव ओळखीचा वाटेल.

आणि पहाटेची वेळ, झाडलेला भुसा, अंथरलेली हिरवळ? आपण अधिकारात आहोत अशी ज्याची खात्री असते तो भुसा लपवत नाही.

मग काय झालं

भांडण झालं, पण करवत थांबली नाही. उलट आता काम उघड होऊ लागलं. १९९९मध्ये जॉन झिमर्स मैदानाचा सुपरिंटेंडंट म्हणून आला आणि वेग वाढला. २००७ची यूएस ओपन आली तोवर सुमारे पाच हजार झाडं गेली होती. त्यानंतर २०१६पर्यंत आणखी कित्येक हजार. लावलेल्यांपेक्षा तोडलेल्यांचा आकडा कितीतरी मोठा, कारण मधल्या काळात आपोआप उगवलेलं आणि कडेने माजलेलं रानही त्यात गेलं. क्लबहाउसच्या व्हरांड्यात उभं राहिलं की जवळजवळ सगळं मैदान एका नजरेत येऊ लागलं.

सभासदांची मनं वळवायला काय कामी आलं? माझ्या मते दोन गोष्टी. जुने फोटो, आणि बाहेरची वाहवा. फोटोंनी दाखवलं की हे नवं खूळ नाही, आजोबांच्या काळी असंच होतं. आणि २००७ला दूरचित्रवाणीवर ते विस्तीर्ण, सोनेरी-हिरवं पठार दिसलं तेव्हा गोल्फचं जग थक्क झालं. अँजेल काब्रेरा पारच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, वर पाच फटके घेऊन जिंकला, मैदानाचा दरारा शाबूत राहिला. घरच्या माणसाचं ऐकत नाहीत ते पाहुण्याचं ऐकतात, तसं झालं. क्लबला यूएस ओपन हवी असते, यूएसजीएला ओकमाँट हवं असतं. आजवर दहा यूएस ओपन इथे झाल्या, दुसऱ्या कुठल्याही क्लबपेक्षा जास्त. अशा ठिकाणी सभासदाच्या सावलीला मत असलं तरी ते हळूहळू हलकं होत जातं.

पुढे लाटच आली. अमेरिकेतले नामांकित क्लब एकामागून एक जुने फोटो काढून करवतींना धार लावू लागले. त्यांतलं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचं ओक हिल हे उदाहरण ओकमाँटच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं. तिथे झाडं हीच ओळख. डोनाल्ड रॉस या आखणीकाराने १९२०च्या दशकात आखलेल्या उजाड मैदानावर जॉन विल्यम्स नावाच्या डॉक्टर सभासदाने ओकची रोपं वाढवून वाढवून जंगल उभं केलं. थोरामोठ्यांच्या नावाची झाडं असलेली ‘हिल ऑफ फेम’ नावाची टेकडीही आहे. २०१९-२०मध्ये अँड्र्यू ग्रीन या आखणीकाराने पूर्वेकडच्या कोर्सचं पुनरुज्जीवन केलं तेव्हा तिथेही शेकडो झाडं गेली, ग्रीन्स मोठी झाली, रॉसचे बंकर परत आले. पण ती टेकडी राहिली. झाड लावणाऱ्या माणसाचाही इतिहास असतो हे तिथे मान्य झालं. ओकमाँटने १९६०च्या दशकातल्या त्या कारभाऱ्याच्या वाट्याला काहीच ठेवलं नाही. हे चूक की बरोबर? रचना म्हणून विचाराल तर ओकमाँट अधिक निर्मळ. क्लब म्हणून विचाराल तर मला ओक हिलमध्ये सभासद व्हायला आवडेल.

कोणतं साल ‘मूळ’?

झाडांचा प्रश्न मिटल्यावर दुसरा उरला, आणि तो अजून मिटलेला नाही. परत जायचं ते नेमकं कुठे?

१९०४चं ओकमाँट, १९२७चं आणि १९३५चं ही तीन वेगळी मैदानं होती. बापलेक तीस-चाळीस वर्षं सतत काहीतरी खणत, बुजवत, हलवत होते. मूळ आराखडा म्हणून एक पवित्र कागद कुठे ठेवलेला नाही. २०२३मध्ये गिल हॅन्स या आखणीकाराने क्लबसाठी मोठं नूतनीकरण केलं तेव्हा त्याच्यासमोर वेगवेगळ्या वर्षांचे फोटो होते आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. त्याने बंकर नव्याने बांधले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कापणीत कडांनी आत आत सरकलेली ग्रीन्स पुन्हा बाहेर नेली, एकूण सुमारे २४,००० चौरस फुटांनी. ग्रीनचं आक्रसणं हा मजेदार प्रकार आहे. कापणारा माणूस कडेचं गवत चुकूनही जास्त कापायचं नाही म्हणून रोज इंचभर आतूनच यंत्र वळवतो, आणि पन्नास वर्षांत कोपरेच्या कोपरे नाहीसे होतात. झाडांसारखंच हेही. कुणी ठरवत नाही, होऊन जातं. ग्रीनच्या कडा बाहेर गेल्या की झेंडा अशा कोपऱ्यात लावता येतो जिथे पूर्वी जागाच नव्हती. म्हणजे सभासदाला जे ‘सौंदर्य’ वाटलं ते व्यावसायिकाला नव्या डोकेदुखीच्या रूपाने भेटलं.

२०२५च्या जूनमधल्या यूएस ओपनमध्ये याची परीक्षा झाली. एका फेरीचा पार ७०, लांबी ७,३७२ यार्ड, घोट्यापर्यंत माजवलेलं रफ. रविवारी मुसळधार पावसाने खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि जे. जे. स्पॉनने अठराव्या ग्रीनवर चौसष्ट फुटांचा पट घातला. चार फेऱ्यांत २७९ फटके, पारपेक्षा एक कमी. आख्ख्या मैदानात पारच्या खाली संपवणारा तो एकटाच. रफ इतकं असावं का, यावर खेळाडू कुरकुरले. झाडं असती तर बरं झालं असतं, असं मात्र माझ्या वाचनात कुणी म्हटलं नाही.

आता तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मधला बंकर बघा. ‘चर्च प्यूज’, म्हणजे चर्चमधली बाकं. वाळूच्या लांबरुंद खड्ड्यात गवताच्या आडव्या वरंब्यांच्या रांगा, ओकमाँटचा सगळ्यांत जास्त छापला गेलेला फोटो. टोप्यांवर, टी-शर्टांवर, सगळीकडे हाच. पाहणाऱ्याला वाटतं हे फोन्सने पहिल्या दिवशी आखलं असणार. जुन्या फोटोंत त्या जागी सुटे सुटे बंकर दिसतात. ते सलग होऊन बाकांची ओळ नंतर तयार झाली, आणि पुढच्या दुरुस्त्यांमध्ये ती लांबत गेली. हॅन्सच्या कामाआधी बाकं बारा होती. पुनरुज्जीवन झाल्यावर तेरा आहेत.